वाहत्या पाण्याचे अर्धे मिनिट

मुलांनो, एकदा मी आठवीच्या वर्गात एक फोटो नेला होता. फोटो रात्रीचा होता. त्यात काळे खडक होते, दगडी खांब होते, वर निळसर आकाश होते आणि खांबांच्या मधून काहीतरी पांढरे खाली उतरले होते. मी फळ्याजवळ उभा राहून फोटो सर्वांना दाखवला आणि विचारले, "हे पांढरे काय आहे?"

"सर, धुके आहे," एकजण म्हणाला.

"नाही सर, पिंजलेला कापूस आहे."

मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ बघत राहिला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. तो म्हणाला, "सर, हा चादरीचा ताणा वाटतो. सगळे धागे एकाच बाजूला चालले आहेत."

सोलापूरच्या मुलालाच असे उत्तर सुचू शकते! पण ते ना धुके होते, ना कापूस, ना ताणा. ते सीना नदीचे पाणी होते. मी तसे सांगितले तेव्हा वर्गाचा विश्वास बसेना. "पाणी असे कुठे दिसते, सर?"

हा प्रश्न अगदी बरोबर होता. पाणी असे कधीच दिसत नाही. नदीकाठी तासभर बसलात तरी तुम्हांला असे पाणी दिसणार नाही. आणि तरीही फोटो खोटा नाही. कोणी त्यात रंग भरला नाही, काही खोडले नाही. मग असे कसे झाले?

त्याचे उत्तर तुमच्या ओळखीचे आहे. अंधारात पेटती उदबत्ती गोल फिरवली, की काय दिसते? लाल रंगाची बांगडी दिसते. खरे म्हणजे तिथे एकच ठिणगी असते. पण डोळ्यांत उमटलेले चित्र लगेच पुसले जात नाही, सेकंदाचा थोडासा भाग टिकून राहते. तेवढ्यात ठिणगी पुढे जाते, आणि जुनी जागा व नवी जागा मिळून एक रेघ होते. डोळ्यांची ही आठवण फार छोटी आहे. कॅमेऱ्याची आठवण मात्र आपण हवी तेवढी लांबवू शकतो.

कॅमेऱ्याच्या आत एक झडप असते. तिला शटर म्हणतात. झडप उघडी असेल तेवढा वेळ प्रकाश आत येतो आणि चित्र साठत जाते. दिवसा उन्हात झडप सेकंदाच्या शंभराव्या, पाचशेव्या किंवा हजाराव्या भागापुरती उघडते. आता हिशेब करा. नदीचे पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहत आहे असे समजा. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते फक्त दोन मिलीमीटर सरकेल. म्हणून उडालेला थेंब फोटोत काचेच्या मण्यासारखा हवेत थांबलेला दिसतो. झडप अर्धा सेकंद उघडी ठेवली, तर पाणी एक मीटर पुढे जाते आणि प्रत्येक थेंबाचा धागा होतो. तीस सेकंद उघडी ठेवली, तर तेच पाणी साठ मीटर पुढे गेलेले असते! त्याच्या मागून दुसरे येते, तिसरे येते. सर्वांच्या रेघा एकमेकींवर पडतात आणि धुके तयार होते. खडक जागचा हलत नाही, म्हणून खडक मात्र स्पष्ट उमटतो.

प्रकाशाच्या या अभ्यासात एक नाव तुम्ही उर्दूत वाचले असेल. इब्नुल हैसम. बसरा शहरात सन ९६५ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला आणि कैरोत सन १०४० च्या सुमारास मृत्यू. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी 'किताबुल मनाज़िर' या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. अंधाऱ्या खोलीला एक छोटे छिद्र ठेवून, बाहेर अनेक दिवे ओळीने मांडून, त्यांचे उजेड आत वेगवेगळे कसे पडतात हे त्यांनी पाहिले. कॅमेरा म्हणजे तरी काय? एक लहानशी अंधारी खोलीच.

गंमत अशी, की याच विद्वानाची वाहत्या पाण्याशीही गाठ पडली होती. असे सांगतात, की मिसरचा फातिमी खलिफा अल-हाकिम याने त्यांना नाईल नदीचा पूर आवरण्याचे काम दिले. ते नदीच्या उलट दिशेने अस्वानपर्यंत गेले. पात्र पाहिले, पाण्याचा जोर पाहिला आणि हे काम आपल्याच्याने होणार नाही हे त्यांच्या लक्षात आले. खलिफाच्या रागाच्या भीतीने त्यांनी वेड्याचे सोंग घेतले म्हणतात. पाण्यापुढे हात टेकणे ही लाजेची गोष्ट नव्हे. अस्वानला धरण झाले ते पुढे १९०२ मध्ये.

आता पॅरिस शहरातला एक जुना फोटो सांगतो. १८३८ मध्ये दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने आपल्या खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला. त्या काळी प्रकाश टिपणारा पत्रा इतका मंद होता, की काही मिनिटे कॅमेरा उघडा ठेवावा लागे. रस्त्यावर घोडागाड्या आणि माणसे जात-येत होती. पण फोटोत रस्ता ओसाड दिसतो! चालणारे सगळे पुसले गेले. एकच माणूस नीट उमटला, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या भागात वाहते पाणी टिपायचे तर नळदुर्गला जावे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरवर, धाराशिव जिल्ह्यात हा किल्ला आहे. या जिल्ह्याचे नाव पूर्वी उस्मानाबाद होते. किल्ल्याजवळून बोरी नदी वाहते. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळात, १६१३ मध्ये, या नदीवर दगडी बांध घालण्यात आला. हाच सुलतान संगीताचा मोठा शौकीन होता आणि दख्खनी भाषेत त्याने 'किताब-ए-नौरस' लिहिली. बांधाच्या पोटात त्याच्या कारागिरांनी एक महाल बांधला. त्याला पाणी महाल म्हणतात. तिथे फारसी शिलालेखही आहे. पावसाळ्यात बोरी भरून आली, की बांधावरून दोन ठिकाणी पाणी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. पाणी महालाच्या सज्जात उभे राहिले, की डोक्यावर पाणी, समोर पाणी आणि आपण मात्र कोरडे! चारशे वर्षे झाली तरी तो बांध पाणी अंगावर घेत उभा आहे. मला विचाराल तर या इमारतीपुढे अनेक मोठे राजवाडे फिके आहेत.

किल्ला संध्याकाळी बंद होतो. त्यामुळे नर-मादीचे फोटो दिवसाउजेडीच घ्यावे लागतात. आभाळ गच्च भरलेले असेल आणि दिवस कलला असेल, तर कॅमेऱ्याचे छिद्र अगदी लहान करून झडप अर्धा सेकंद उघडी ठेवता येते. ऊन असेल तर भिंगापुढे काळी काच लावावी लागते, नाहीतर फोटो पांढराफटक होतो. रात्री अशी काच लागत नाही. रात्रीचा अंधार हीच काळी काच.

रात्री फोटो घ्यायचे तर चंद्र हवा. इथे तुम्हांला इतरांपेक्षा सोपे आहे, कारण चांदची तारीख तुमच्या घरात सर्वांना ठाऊक असते. तेरावी, चौदावी आणि पंधरावी रात्र सर्वांत चांगली. पूर्ण चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडापेक्षा सुमारे चार लाख पटींनी कमी असतो. आपल्याला तो पुरेसा वाटतो, कारण डोळे अंधाराला सरावतात. कॅमेऱ्याला मात्र वेळ द्यावा लागतो. आयएसओ ४००, छिद्र चार आणि वेळ तीस सेकंद, इतके ठेवले की चौदाव्या रात्रीचा नदीकाठ बऱ्यापैकी उमटतो. कमी वाटला तर वेळ दुप्पट करावा. मगरिब आणि इशा यांच्या मधला वेळही फार सुंदर असतो. तेव्हा आकाश निळे दिसते आणि झडप पाच-दहा सेकंद उघडी ठेवली तरी भागते. मी स्वतः हाच वेळ जास्त पसंत करतो. पायाखालचे दिसते, हे त्याचे एक कारण आहे.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा लागतो. तिपाई नसेल तर वाळूची पिशवी चालते. वारा असेल तर तिपाईच्या मध्ये दगडांची पिशवी लटकवतात. बटण बोटाने दाबले तर कॅमेरा हलतो आणि खडकही पाण्यासारखा पुसट होतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप झडप उघडेल अशी सोय करतात. अंधारात भिंग कशावर रोखावे हे कॅमेऱ्याला कळत नाही. अशा वेळी एखाद्या खडकावर बॅटरीचा उजेड टाकून भिंग त्यावर रोखायचे आणि मग बॅटरी बंद करायची. तुषार उडून भिंगावर बसतात. सुती फडके खिशात असू द्यावे. आजकाल चांगल्या मोबाइललाही वेळ वाढवण्याची सोय असते, तेव्हा महागडा कॅमेरा नाही म्हणून कोणी रडू नये.

आता त्या वर्गात दाखवलेल्या फोटोची हकीकत सांगतो.

मी आणि माझे एक मित्र सीना नदीवरच्या एका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर गेलो होतो. या बंधाऱ्याला दगडी खांब असतात आणि खांबांच्या मध्ये गाळे असतात. पावसाळा संपला, की गाळ्यांत बर्गे घालून पाणी अडवतात. पावसाळ्यात बर्गे काढलेले असतात. मग पाणी गाळ्यांतून जोरात धावते. सप्टेंबर महिना होता, चांदची चौदावी होती. आमच्याकडे पाऊस नव्हता. नदीत पाणी मध्यम होते. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, पात्रात, एक मोठा सपाट खडक कोरडा होता. काठावरून फोटो चांगला येत नव्हता. म्हणून आम्ही त्या खडकावर गेलो. काठ आणि खडक यांच्या मध्ये घोट्याएवढे पाणी होते.

हे आमचे चुकलेच. पण तेव्हा तसे वाटले नाही. चांदणे पडले होते. कॅमेऱ्याच्या काचेत एकेक फोटो असा मऊ, असा शांत येत होता, की आम्ही नदीकडे बघणेच सोडून दिले. आम्ही फोटोतली नदी बघत होतो.

मराठीत पाण्याच्या आवाजाला किती शब्द आहेत पाहा. ओढा झुळझुळ वाहतो. नदी खळखळ वाहते. पाऊस धो धो पडतो. उंचावरून पाणी धबधब कोसळते, म्हणून त्याला धबधबा म्हणतात. त्या रात्री खळखळ हळूहळू बदलत होती. आवाज जाड होत होता. आमच्या कानांवर तो पडत होता, पण लक्षात कोण घेतो? आम्ही झडप उघडून आकडे मोजत होतो, एक, दोन, तीन...

तेवढ्यात काठावरून बॅटरीचा उजेड हलत हलत येताना दिसला. एक वयस्क शेतकरी घाईघाईने चालत येत होते.

"ओ पाव्हणं! वर या आधी! वरनं पाणी आलंय!"

"मामा, एकच फोटो राहिलाय," माझे मित्र म्हणाले.

"फोटो घाला चुलीत! नदी फुगाया लागलीय, दिसंना का तुमास्नी?"

आम्ही खाली पाहिले. खडकाची एक बाजू ओली झाली होती. आम्ही तिपाई तशीच उचलून खांद्यावर टाकली. येताना घोट्याएवढे असलेले पाणी आता गुडघ्यापर्यंत आले होते. पाय टेकला की पायाखालची वाळू सरकत होती. मामांनी काठीचे टोक पुढे केले. ते धरून आम्ही एकेक करून वर आलो. वरच्या भागात कुठेतरी मोठा पाऊस झाला होता, तो आमच्यापर्यंत पाण्याच्या रूपाने पोचला होता. पंधरा-वीस मिनिटांनी तो सपाट खडक दिसेनासा झाला.

गुडघाभर पाणी ते काय, असे तुम्हांला वाटेल. म्हणून थोडे गणित करू. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन, म्हणजे हजार किलो असते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा धक्का चौपट होतो. वेगात वाहणारे गुडघाभर पाणी मोठ्या माणसाला सहज खाली पाडते. एकदा माणूस पडला, की पाणी गुडघ्याएवढे आहे की गळ्याएवढे, याला काही अर्थ उरत नाही.

पावसाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते, की उजनी धरणातून भीमेत पन्नास हजार क्युसेक पाणी सोडले. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याला ४१ दरवाजे आहेत. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. पन्नास हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४ लाख लिटर. या पाण्याचा तीस सेकंदांचा फोटो काढला, तर त्या एका फोटोतून सुमारे सव्वाचार कोटी लिटर पाणी वाहून गेलेले असेल. त्याचे वजन साडेबेचाळीस हजार टन. आणि फोटोत काय दिसेल? पिंजलेला कापूस! पाणी जितके जास्त, जितके वेगवान, तितका फोटो मऊ. हे फार विचित्र आहे, पण तसेच आहे. फोटो वेळ दाखवतो, जोर दाखवत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, पिके गेली, कित्येक शेतांतली मातीही वाहून गेली. लोकांना घरे सोडून निघावे लागले. तुमच्यापैकी काहींचे नातेवाईक त्या गावांत राहत असतील. त्या दिवसांत मी कॅमेरा कपाटातून काढला नाही. त्या पाण्याचा मऊ फोटो काढायला माझा हात धजला नसता.

मी आजही नदीचे फोटो घेतो, पण पुलाच्या कठड्याआडून किंवा उंच काठावरून. दोघे असलो तर एकजण कॅमेऱ्याकडे बघतो आणि दुसरा फक्त नदीकडे. पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवतो. पाणी काठीच्या पुढे आले, की सामान आवरायचे. वर धरण असेल तर आधी गावात चौकशी करायची. भोंगा वाजला तर फोटो अर्धा सोडून निघायचे. तुम्ही कधी जाल तेव्हा घरातले मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे.

त्या रात्री आम्ही घरी आलो आणि फोटो मोठे करून पाहिले. शेवटच्या फोटोत एक दोष होता. पांढऱ्या पाण्याच्या उजव्या अंगाला, काठाच्या अंधारात, एक पिवळी वेडीवाकडी रेघ होती. वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. आधी वाटले, भिंगाला ओरखडा पडला असेल. मग लक्षात आले. झडप उघडी होती तेव्हाच मामा बॅटरी घेऊन काठाने येत होते. ते चालत होते, म्हणून फोटोत कुठेच नाहीत. पॅरिसच्या रस्त्यावरच्या माणसांसारखे तेही पुसले गेले. फक्त त्यांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड उमटला.

आठवीच्या वर्गात त्या रेघेबद्दल कोणी विचारले नाही. तास संपल्यावर तो मागच्या बाकावरचा मुलगा टेबलाजवळ आला. त्याने बोट ठेवून विचारले, "सर, सगळे धागे सरळ आहेत. हा एकच धागा असा तिरका का?"

मी त्याला खाली बसवले आणि त्याला सगळी हकीकत सांगितली.

स्वाध्याय

१. फोटोत खडक स्पष्ट आणि पाणी धुक्यासारखे का दिसते? तुमच्या शब्दांत लिहा.

२. झुळझुळ, खळखळ, धो धो, धबधब या शब्दांसारखे आणखी चार आवाजाचे शब्द शोधा. त्यांना उर्दूत काय म्हणतात ते घरी विचारा.

३. "फोटो घाला चुलीत!" हे वाक्य कोण, कोणाला आणि का म्हणाले?

४. वर्तमानपत्रातून धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा शोधा आणि तीस सेकंदांत किती लिटर पाणी वाहील याचा हिशेब करा.